कोंबडीच्या पायावरील अंक



या स्मृतिव्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. व्याख्यानाचा विषय मी पत्राने कळविला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कार्यवाहांचा दूरध्वनी आला. ‘कोंबड्या ओळखण्याच्या खुणा’ हे शब्द वाचून त्यांना लेखनात काही चूक झाली असावी असे वाटले होते. ज्याने उभा जन्म छंदःशास्त्र आणि संतवाङ्मय शिकविण्यात घालविला, त्याने उतारवयात कोंबड्यांवर बोलावे, हे त्यांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. मी त्यांना इतकेच म्हणालो, की ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांपाशी मी जे शिकलो, त्यातले जे अंगी मुरले ते कोंबड्यांच्या निमित्ताने मुरले. तेव्हा त्यांचे ऋण फेडावयाचे तर ते याच चलनात फेडले पाहिजे.

ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना सरांचे रामबागेकडील घर आठवत असेल. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली लाकडी खुराडे होते आणि त्यात वीस-पंचवीस कोंबड्या असत. गल्लीतील काही मंडळींना ते मुळीच रुचत नसे. सोवळ्यातल्या आजीबाई तिकडून जाताना पदर सावरून घेत. सर स्वतः अंडेदेखील खात नसत. अंडी आजूबाजूच्या आजाऱ्यांच्या आणि बाळंतिणींच्या घरी जात. ‘मग पाळता कशाला?’ असे कोणी विचारले की ते म्हणत, ‘वाचायला.’ कोंबड्या वाचावयाच्या तर त्यांच्यावर काही लिहिलेले असले पाहिजे. ते लिहिणे कसे करतात, ते का करावे लागते आणि ते करणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हाच आजचा विषय आहे.

ओळख कोणाला हवी?

कोंबड्यांना एकमेकींची ओळख पटण्यासाठी आपल्या खुणांची गरज नसते. नॉर्वेतील थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. कोणती कोंबडी कोणत्या कोंबडीला टोचते याच्या नोंदी ते ठेवीत. १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की कळपात एक उतरंड असते. वरची कोंबडी खालचीला टोचते आणि खालची ते सोसून बाजूला होते. ही उतरंड परस्परओळखीवर टिकते. काल कोण जिंकले हे दोघींच्याही ध्यानात असते, म्हणून आज तेच भांडण पुन्हा भांडावे लागत नाही. १९५३ साली गूल आणि ऑर्टमन या अमेरिकी अभ्यासकांनी काही कोंबड्यांचे बाह्यरूप मुद्दाम बदलून पाहिले. डोके, तुरा आणि मान यांत बदल केला म्हणजे ओळख विशेष बिघडते, असे त्यांना आढळले.

तेव्हा खूण हवी असते ती आपल्याला. तिचे हेतू मुख्यतः चार आहेत. पहिला मालकीचा: परसातली कोंबडी दिवसभर गावभर चरते, आणि संध्याकाळी ती कोणाच्या खुराड्यात शिरली यावरून शेजाऱ्यांत वितुष्ट येते. दुसरा वयाचा: यंदाची तलंग कोणती आणि मागल्या सालची कोंबडी कोणती, हे वर्षभराने नुसते पाहून सांगता येत नाही. तिसरा अंड्यांचा: कळपाने दहा अंडी दिली हे कळते, पण कोणी दिली आणि कोणी नुसतेच दाणे टिपले हे कळत नाही. चौथा, आणि शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, हेतू वंशाचा. हे पिल्लू कोणाचे?

या चौथ्या प्रश्नावर विसाव्या शतकातील आनुवंशिकीचा एक आधारस्तंभ उभा आहे. मेंडेलचे नियम वाटाण्याप्रमाणे प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांवरील प्रयोगांतून दाखविले. पुढे त्यांनी आणि पनेट यांनी गुलाबाच्या घडणीचा तुरा असलेल्या आणि वाटाण्याच्या शेंगेसारखा तुरा असलेल्या कोंबड्यांचा संकर केला. आपल्याकडील असील कोंबड्याचा तुरा या दुसऱ्या प्रकारचा असतो. संकरातून अक्रोडासारखा, तिसऱ्याच प्रकारचा तुरा निघाला. त्या अक्रोडतुऱ्यांच्या संततीत अक्रोड, गुलाब, वाटाणा आणि साधा एकेरी असे चारही तुरे ९ : ३ : ३ : १ या प्रमाणात सापडले. हे प्रमाण मांडता आले, कारण प्रत्येक पिल्लाचे आईबाप ठाऊक होते. ते ठाऊक नसते तर हाती लागली असती ती केवळ तऱ्हेतऱ्हेच्या तुऱ्यांची गर्दी.

आपल्या माळव्याच्या शेजारचेच उदाहरण घ्या. झाबुआचा कडकनाथ आज सर्वांना परिचित आहे. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची पिसे, कातडी, मांस, इतकेच नव्हे तर हाडेही काळसर असतात. परंतु हा काळेपणा संकरित संततीतही पुष्कळ उतरू शकतो. म्हणजे कोंबडी काळी आहे एवढ्यावरून ती निर्भेळ कडकनाथ ठरत नाही. रंग साक्ष देण्यास अपुरा पडतो, तेव्हा खूण आणि नोंद यांनाच साक्षीला उभे राहावे लागते. सरांच्या खुराड्यातील बहुतेक कोंबड्या याच जातीच्या होत्या. एकीला झाकावे आणि दुसरीला काढावे इतक्या त्या सारख्या दिसत, आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत खुणेवाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नसे.

खुणांचे प्रकार

सर्वांत साधी खूण म्हणजे पायाला बांधलेला दोरा किंवा चिंधी. ती फुकट मिळते, इजा न करता बांधता येते आणि लांबून दिसते. तिचे दोषही तितकेच उघड आहेत. चिंधी सुटते, मळते, आणि मालकीचा वाद असेल तर कोणीही ती सोडून दुसरी बांधू शकतो. पिसांना रंग लावणे ही दुसरी रीत. रंग काही आठवड्यांत फिका होतो आणि पिसे झडून नवी आली की मुळीच उरत नाही. थोड्या दिवसांच्या निरीक्षणाला मात्र तो पुरतो.

तिसरा प्रकार पायातील कड्यांचा. ही कडी धातूची किंवा प्लॅस्टिकची असतात. काहींवर आकडे कोरलेले असतात; काही नुसती रंगीत, वेटोळ्याच्या आकाराची असतात. रंगीत कड्यांत एक सोय आहे. पाच रंगांची कडी घेऊन प्रत्येक पायात एकेक घातले, तर पाच गुणिले पाच म्हणजे पंचवीस कोंबड्या हात न लावता, दुरूनच ओळखता येतात. आकडेवजा कड्यासाठी बहुधा कोंबडी धरावी लागते. कड्याचे माप जातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलते. पिल्लाच्या पायात बसेल ते कडे मोठ्या कोंबडीला फास होते आणि मोठीचे कडे पिल्लाच्या पायातून गळून पडते.

चौथा प्रकार पंखपट्टीचा. कोंबडीचा पंख उलगडला, की त्याच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा पातळ पडदा ताणलेला दिसतो. अॅल्युमिनियमची हलकी, क्रमांक असलेली पट्टी त्या पडद्यातून ओवून मिटवितात. अंड्यातून बाहेर आल्याच्या पहिल्याच दिवशी ती घालता येते आणि नीट घातली तर जन्मभर टिकते. वंशावळ ठेवणाऱ्या संशोधनकेंद्रांत तिचा विशेष उपयोग होतो. ती पिसांखाली झाकलेली असल्यामुळे लांबून वाचता येत नाही. कोंबडीला मांडीवर घ्यावे लागते, पंख हलकेच उलगडावा लागतो आणि मग आकडा दिसतो.

येथे भाषेचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नमूद करतो. संस्कृतातील ‘अंक’ या शब्दाचा अर्थ संख्या असा आहे, खूण किंवा डाग असा आहे आणि मांडी असाही आहे. चंद्रावर सशाची खूण म्हणून तो शशांक, आणि आईच्या मांडीवरचे मूल ते तिच्या अंकावरचे मूल. जनावरांवर खुणा करण्याची चाल तर पाणिनीच्याही आधीची असली पाहिजे. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात कानावरील खुणांवरून पडणाऱ्या नावांसाठी एक स्वतंत्र सूत्रच आहे. त्यात आठाचा आणि पाचाचा आकडा आहे, स्वस्तिक आहे, स्रुवा आहे आणि छिद्रही आहे.

या छिद्रापाशी मी पाचव्या प्रकाराकडे येतो.

चार पडदे, सोळा खुणा

कोंबडीच्या पायाला पुढे तीन बोटे असतात आणि त्यांच्या दोन बेचक्यांत कातडीचा लहानसा पडदा असतो. दोन पायांचे मिळून असे चार पडदे झाले. पिल्लू एका दिवसाचे असतानाच एका लहान पंचाने यांपैकी काही पडद्यांना बारीक भोके पाडतात. प्रत्येक पडद्याच्या दोनच अवस्था संभवतात: भोक आहे किंवा नाही. दोन गुणिले दोन, गुणिले दोन, गुणिले दोन. एकंदर सोळा खुणा.

१९६३ साली मी आठवीत होतो. आम्हाला मराठीच्या तासाला नुकतेच गण शिकविले होते. सरांनी मला विचारले, ‘तीन अक्षरांचे गण किती?’ मी म्हणालो, ‘आठ.’ ‘चार अक्षरांचे केले तर?’ मी बोटे मोजू लागलो. सरांनी एका पिल्लाचे पाय माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, ‘हे चार अक्षरांचे वृत्त आहे. भोक म्हणजे लघू, अखंड पडदा म्हणजे गुरू. आता प्रस्तार मांड.’

पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सर्व शक्य मांडण्या क्रमाने लिहिण्याची जी रीत आहे तिला प्रस्तार म्हणतात. पहिल्या ओळीत चारही गुरू. दुसरीत पहिले अक्षर लघू, बाकीची गुरू. तिसरीत फक्त दुसरे लघू. असे करीत सोळाव्या ओळीत चारही लघू येतात. डाव्या पायाचा बाहेरचा पडदा हे पहिले अक्षर, आतला दुसरे, उजव्या पायाचा आतला तिसरे आणि बाहेरचा चौथे, असा सरांचा संकेत होता.

आता पाय पाहून क्रमांक कसा काढावा? वृत्तरत्नाकरात ‘उद्दिष्ट’ या नावाने जी रीत दिली आहे, तीच येथे चालते. चार अक्षरांवर अनुक्रमे १, २, ४, ८ हे आकडे मांडावेत; जेथे लघू असेल तेथील आकड्यांची बेरीज करून तीत एक मिळवावा. पहिल्या आणि तिसऱ्या पडद्याला भोक असेल, तर १ आणि ४ मिळून ५, अधिक १, म्हणजे क्रमांक ६. उलट वहीत क्रमांक दिलेला आहे आणि पायावरची खूण काढावयाची आहे, तर त्या रीतीला ‘नष्ट’ म्हणतात. समजा क्रमांक ११ आहे. संख्या विषम, म्हणून पहिले गुरू; एक मिळवून निम्मे केले, ६ आले. सम, म्हणून दुसरे लघू, निम्मे ३. विषम, तिसरे गुरू. एक मिळवून निम्मे २. सम, चौथे लघू. म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या पडद्याला भोक. उद्दिष्ट आणि नष्ट ही नावे मला एम.ए.च्या वर्गात भेटली तेव्हा ती माझ्या जुन्या ओळखीची निघाली. मी ती सरांच्या अंगणात, पिल्लाचे पाय चिमटीत धरून शिकलो होतो.

या पद्धतीत एक धोका आहे. पंचाने पाडलेला कातडीचा तुकडा पूर्ण सुटला नाही, तर भोक काही दिवसांत बुजते. मग सहाव्या क्रमांकाचे पिल्लू, पहिले भोक बुजल्यास पाचवे होते आणि तिसऱ्या पडद्यावरचे बुजल्यास दुसरे. ते परक्या आईच्या नावावर जाते आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. सरांनी यावर उपाय केला होता तो असा. सोळांपैकी किती मांडण्यांत एकही लघू नाही, किती मांडण्यांत एक आहे, किती मांडण्यांत दोन, हे छंदःशास्त्र सांगते: १, ४, ६, ४, १. हलायुधाने दहाव्या शतकात मेरुप्रस्तार म्हणून जी आकड्यांची उतरण समजावून दिली, तिचीच ही पायरी आहे. सर केवळ बरोबर दोन भोके असलेल्या सहा खुणाच वापरीत: ४, ६, ७, १०, ११ आणि १३. एखाद्या पायावर एकच भोक दिसले, की एक बुजले आहे हे तत्काळ कळे. चुकीची खूण वाचली जाण्याऐवजी ती चूक म्हणून ओळखू येई. सोळांपैकी दहा खुणा त्यांनी सोडून दिल्या आणि त्या बदल्यात भरवसा मिळविला. लहान कळपाला सहा घराणी पुरेशी होती.

खुणेमागची साखळी

तथापि, पायावर क्रमांक पडला म्हणजे वंश सिद्ध झाला असे नाही. पिल्लू अमुक कोंबडीचे आहे हे म्हणण्यापूर्वी ते अंडे तिचे होते हे ठाऊक हवे. त्यासाठी सापळ्याचे घरटे वापरतात. कोंबडी आत शिरली की दार पडते आणि ती आतच राहते. कोणीतरी येऊन तिचा क्रमांक पाहतो, तोच अंड्यावर पेन्सिलीने लिहितो आणि तिला सोडतो. हे दिवसातून अनेकदा करावे लागते. अंडी एकवीस दिवसांनी फुटतात. यंत्रात उबवीत असल्यास सुमारे अठराव्या दिवशी एकेका आईची अंडी वेगवेगळ्या जाळीत किंवा पिशवीत ठेवतात. पिल्ले बाहेर येताच, एकमेकांत मिसळण्यापूर्वी, त्यांना खूण करतात. खुडूक कोंबडी रवणीला बसविली असेल, तर तिच्याखाली एकाच आईची अंडी ठेवणे हाच सुरक्षित मार्ग. या साखळीतील एक कडी निसटली, तर पुढची खूण कितीही सुबक असो, ती खोटे बोलते.

आज या कामाला नवी साधने आली आहेत. कड्यात बसविलेली किंवा कातडीखाली घातलेली, तांदळाएवढी इलेक्ट्रॉनिक खूण असते. घरट्याच्या दारातील यंत्र ती वाचते आणि कोणत्या कोंबडीने केव्हा अंडे दिले हे आपोआप नोंदविते. आपल्या देशात गाईम्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचे बिल्ले आले. कोंबड्यांना मात्र असा एकेकीचा क्रमांक सर्रास देत नाहीत. मोठ्या व्यवसायात कळप हेच एकक असते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदके आदी पक्षी मोजले गेले, त्यांपैकी सुमारे ३२ कोटी परसातले होते. एवढ्यांत एकेकीला ओळखणे केवळ तिलाच शक्य आहे, जिच्या अंगणात त्या पाच-सहा आहेत.

ज्याच्या अंगावर खूण असते त्याचे काय?

आतापर्यंत मी खूण करणाऱ्याच्या बाजूने बोललो. आता जिच्या पायात ती असते तिच्या बाजूने पाहू. पडद्याला भोक पाडताना पिल्लाला दुखते, पंखात पट्टी ओवतानाही दुखते. काही ठिकाणी बोटाचे टोकच छाटण्याची चाल होती. तिचे समर्थन करता येणार नाही. परंतु हे दुखणे क्षणाचे. खूण अंगावर राहिल्याने जे घडते ते लवकर दिसत नाही.

कोंबडीची रंगदृष्टी आपल्याहून समृद्ध आहे. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही ती पाहू शकते. रक्ताचा लाल रंग दिसला, की कळप तेथे टोचू लागतो. २००८ साली ‘पोल्ट्री सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कळपातील काहीच कोंबड्यांच्या डोक्यामागे काळा रंग लावला, तेव्हा त्या रंगविलेल्यांवरच अधिक हल्ले झाले. सर्वांनाच रंग लावला तेव्हा तसे झाले नाही. कोंबड्यांपलीकडचे उदाहरण द्यावयाचे तर किंग पेंग्विनांचे देता येईल. फ्रेंच अभ्यासकांनी दहा वर्षे पाहणी करून २०११ साली ‘नेचर’मध्ये लिहिले, की पंखात धातूची पट्टी असलेल्या पेंग्विनांची जगण्याची शक्यता पट्टी नसलेल्यांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी होती आणि त्यांना ३९ टक्के कमी पिल्ले झाली. ज्या पक्ष्यांचे जीवन समजून घेण्यासाठी खूण केली, त्यांचे जीवनच खुणेने बदलले.

म्हणून पनेट यांनी केंब्रिजमध्ये केलेले काम मला फार महत्त्वाचे वाटते. पट्टेदार प्लिमथ रॉक जातीच्या पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. पट्ट्यांचे जनुक नराला दोन्हीकडून मिळते आणि मादीला एकच, म्हणून नराचा ठिपका मोठा दिसतो. या गुणाचा उपयोग करून पनेट व त्यांचे सहकारी यांनी कॅंबार ही जात सिद्ध केली. तिच्यात पिल्लू जन्मतःच नर की मादी हे रंगावरून कळते. कोणतीही जखम नाही, कोणतेही कडे नाही. सर्व प्रश्नांना असे उत्तर मिळणार नाही. पण कोठवर जावयाचे ते या उदाहरणावरून कळते.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. त्याच वर्षी, भाद्रपदात, सहाव्या घराण्याची पाच पिल्ले निघाली. भावंडे वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पायांत रंगीत दोरे बांधण्याचे काम सरांनी माझ्याकडे सोपविले. दर चौथ्या दिवशी दोरा सैल करावयाचा, अशी ताकीद होती. एका पिल्लासाठी मी आईच्या शिवणाच्या पेटीतून लाल रेशमी दोरा आणला. तो मला सर्वांत देखणा वाटला. वहीत तिचे नाव पडले ‘सहा-लाल’. दिवाळीच्या सुटीत मी मामांकडे ग्वाल्हेरला गेलो, तो दोन आठवडे राहिलो. हे काम दुसऱ्या कोणाला सांगून जावे हे मला सुचले नाही. परत आलो तेव्हा सहा-लाल एका पायावर उभी होती. पाय वाढला होता आणि दोरा कातडीत रुतला होता. सर स्वतः तापाने अंथरुणावर होते. इतरांनी त्या लाल जागी टोचून जखम वाढविली होती.

सरांनी तशा अंगाने उठून, चिमटा आणि दाढीचे पाते घेऊन दोरा कापून काढला. मी पाय धरून बसलो होतो. ते मला एक शब्द बोलले नाहीत. हात धुऊन त्यांनी वही उघडली आणि लिहिले: ‘सहा-लाल. दोरा रुतला. एक बोट निकामी. कारण: पाहणारा गैरहजर.’ माझे नाव त्यांनी लिहिले नाही. मग लेखणी माझ्या हाती देऊन म्हणाले, ‘हिची नोंद आता तू ठेवायची. शेवटपर्यंत.’

ती चार वर्षे जगली. तिची नोंद मी ठेवली. लाल दोरा त्या अंगणात पुन्हा कधी आला नाही.

पुढे मी अध्यापक झालो आणि माझ्या हाती हजेरीपट आला. एके वर्षी एका विद्यार्थिनीच्या क्रमांकापुढे मी सलग सहा आठवडे ‘गै’ लिहीत गेलो. एकदाही चौकशी केली नाही. ‘गै’ लिहितालिहिता एके दिवशी मला वहीतले ते वाक्य आठवले. तिच्या घरी गेलो, तेव्हा वडील वारले होते आणि तिला शिक्षण सोडवून मामांकडे धाडले होते. आधी गेलो असतो तर शुल्काची काही तजवीज झाली असती. पट माझा अगदी बिनचूक होता. त्या दिवशीही गैरहजर कोण होते, हे मला सांगावे लागू नये.

मित्रहो, खुणांचे प्रकार मी सांगितले. त्यांतील कोणता केव्हा वापरावा हे ज्याचे त्याने ठरवावे. थोड्या दिवसांसाठी रंग पुरे आणि तो लाल नसावा. दुरून ओळखावयाचे तर कडे, पण ते पाय वाढेल तसे बदलले पाहिजे. जन्मभरासाठी पंखपट्टी. घराण्यासाठी पायाची खूण, आणि ती दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलीच पाहिजे. या सर्वांहून आवश्यक ती वही, आणि वहीहून आवश्यक तो, जो खूण केल्यावर परत येऊन पाहतो.

सरांच्या निधनानंतर त्यांच्या कुटुंबीयांनी ती वही माझ्या स्वाधीन केली. कापडी पुठ्ठ्याची, दोनशे पानांची. तिच्यात सहा घराण्यांच्या नोंदी आहेत आणि सहा-लालच्या पानावर आठवीतल्या मुलाचे अक्षर हळूहळू मोठ्या माणसाचे होत गेलेले दिसते. आज ती मी आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला अर्पण करीत आहे. ग्रंथपालांना माझी एकच विनंती आहे. तिच्यावर दाखलक्रमांक घालताना तो मुखपृष्ठावर न घालता आतल्या कोऱ्या पानावर घालावा, आणि वर्षातून एकदा तरी कोणीतरी ती उघडून पाहावी. कागदाला कसर लागते.